अठरा फुटांचा सौदा

लोह्याला पिशवीत तीन मासे होते. अहमदपूरला चहासाठी गाडी थांबली तेव्हा मी पुन्हा बघितलं, तर दोन. चाकूर मागं पडलं आणि विरूनं पिशवी खिडकीच्या उजेडात धरून विचारलं, "आई, बाकीचे कुठं उतरले?"

मी मागच्या सीटवरून नवऱ्याकडं बघितलं. शिवकुमारनी आरशातून माझ्याकडं बघितलं. पिशवीत जो उरला होता तो मात्र कुणाकडंच बघत नव्हता. बोटाएवढा, वरून काळपट, पोटाला पांढरा, शेपूट लाल, तोंडाला मिशा. पंगतीतून नुकत्याच उठलेल्या माणसासारखा तळाशी निवांत पडला होता.

नांदेडला माझी धाकटी बहीण शिल्पा असते. तिच्या लेकीचा वाढदिवस होता. रिटर्न गिफ्ट म्हणून कंपासपेटी वाटणाऱ्यांतली शिल्पा नव्हे. तिनं प्रत्येक लेकराच्या हातात पाण्याची पिशवी दिली आणि पिशवीत मासे. विरू रांगेत शेवटी राहिला. ढकलाढकली त्याला जमत नाही, मी लांबून बघतच होते. त्याची पाळी येईपर्यंत सोनेरी मासे संपले होते. दुकानदारानं भरीला घातलेले दोन बारीक गप्पी आणि हा मिशीवाला, एवढंच उरलं होतं. "शार्क आहे शार्क," शिल्पा म्हणाली, आणि विरूला वाटलं आपल्यालाच सगळ्यांत भारी मिळालं.

लातूरला घरी पोचल्या पोचल्या मासा बरणीत सोडला आणि मी फोन घेऊन शोधायला बसले. मी शोधतेच. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला पातळ कागद असतो ना, तो पूर्ण वाचणारी आमच्या गल्लीत मी एकटीच असेन. माशाचं नाव सापडलं, रेड टेल कॅटफिश. मूळ गाव अॅमेझॉन नदी. लांबी तीन ते चार फूट. आहार, तोंडात मावेल ते. शेवटचा शब्द वाचून मी विरूचं बोट बरणीतून बाहेर काढलं. खाली एक फोटो होता. झोपलेलं लेकरू दोन्ही हातांवर आडवं घ्यावं तसा एक दणकट माणूस तो मासा घेऊन उभा होता, आणि मासा दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होता.

सकाळी बसनं परत पाठवायचा, असं ठरवूनच मी स्वयंपाकघरात गेले. पण त्या संध्याकाळी विरू जेवला.

ज्यांच्या घरी जेवणारं लेकरू आहे त्यांना या वाक्यात काही विशेष वाटणार नाही. माझा विरू, शाळेत घालताना विरूपाक्ष असं पूर्ण नाव लिहू, सहा महिन्यांचा झाल्यापासून तोंड मिटून बसलेला आहे. चिमणीचा घास, काऊचा घास, मोबाइलवरची गाणी, गच्ची, मोटारसायकलची टाकी, सगळीकडं बसवून झालं. गालात घास धरून तो तासभर बसू शकतो. डॉक्टर म्हणतात मूल खेळतंय ना, मग झालं. त्यांचं झालं. त्यांना त्याच्या बरगड्या आंघोळीच्या वेळी मोजाव्या लागत नाहीत. सासरे त्याला दुकानातल्या काट्यावर बसवतात आणि वजन बघून वर कपड्यांचा कडता कापतात, पोत्याच्या वजनाचा कापतात तसा. म्हणजे आधीच कमी ते आणखी कमी.

तर त्या संध्याकाळी बरणी ओट्यावर होती. शिल्पानं सोबत दिलेल्या डबीतला एक दाणा मी पाण्यात टाकला. तळाशी निजलेल्या त्या मिशीवाल्यानं जागचं न हलता नुसतं तोंड उघडलं. भलंमोठं. दाणा आत गेला. बरणीसमोर बसलेल्या विरूनंही बघता बघता तसंच तोंड उघडलं, आणि मी, हातात वाटी होतीच, घास आत सरकवला. माशाला दाणा, विरूला घास. वाटीभर वरण-भात संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं धपाटं. माझ्या सासूबाई, अव्वा, दारात उभ्या राहून बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी मीठ-मोहरी घेऊन आधी विरूची दृष्ट काढली, मग हात न धुता माशाची.

मासा परत जाण्याचा विषय तिथं संपला.

दुसरा विषय सुरू झाला तो त्या डबीचा. आमचं लिंगायताचं घर. अंड्याचा केकसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की दाण्यात मासळीची भुकटी आणि कोळंबी आहे. ते मी वाचलं आणि कागद नखानं खरवडून काढला. अव्वांनी विचारलं यात काय असतंय, तर मी सांगितलं, प्रथिनं. त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून डबी स्वयंपाकघरातून उठून मागच्या न्हाणीघराच्या खिडकीत गेली, ती कुणी नेली हे मी विचारलं नाही. महिन्याभरानं एकदा भाजी निवडताना त्या आपणहून म्हणाल्या, "मला नाक हाय, मंजुश्री. लेकरू जेवतंय म्हणून गप हाय मी."

मासा मात्र प्रथिनांनी वाढत होता. बरणीतून बादलीत गेला, बादलीतून शिवकुमारनी आणलेल्या फूटभर लांबीच्या काचेच्या पेटीत. दिवाळीपर्यंत त्याला वळायचं झालं की शेपूट दुमडावी लागायची. पेटीच्या एका टोकाला नाक, दुसऱ्याला शेपूट. मग तो रुसला. दिवसभर काचेला मिशा टेकवून पडून राहायचा, दाण्याकडं ढुंकून बघायचा नाही. समोर विरू पाटावर बसलेला. मासा तोंड उघडेना, विरूही उघडेना. मी वाटी घेऊन दोघांना मनवत बसायची. पंधरा दिवसांत लेकराचे गाल परत बसले.

मी पुन्हा शोधायला बसले. मोठे मासे पाळणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप सापडला. सगळे पुरुष. माझ्या नावाजागी 'विरूज मम्मी' असं असूनही ते मला भाऊच म्हणायचे. त्यांच्याकडून कळलं की असा मासा पाळताना लोक टाकीची लांबी बघतात आणि फसतात; बघायची असते रुंदी. माशाला कुठंही अंग न घासता गर्रकन वळता आलं पाहिजे. वळता आलं नाही की त्याची पाठ वाकडी होते आणि भूक जाते. आजचा मासा बघून टाकी घ्यायची नाही, होणारा मासा बघून घ्यायची. तीन फुटांच्या माशाला कमीत कमी आठ बाय चार. "आणि ते पण गरिबीतलं, भाऊ," असं अर्धापूरचा एकजण म्हणाला, ज्यानं स्वतःच्या माशासाठी केळीच्या बागेत हौद बांधला होता.

आठ बाय चार. मला सरळ सासऱ्यांकडं जाऊन आठ फूट मागता आले असते. पण मग चार मिळाले असते.

सासरे म्हणजे गुरुबसप्पा. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. मार्केट यार्डात त्यांचं जुनं आडत दुकान आहे, तूर, हरभरा, सोयाबीन. समोरचा सांगतो तो आकडा खरा नसतो, हे अप्पांच्या रक्तात आहे. आकडा कानावर पडला की ते आधी तो खाली आणतात आणि मग विचारतात कशाचा होता. डॉक्टरनं पाच दिवसांची गोळी लिहून दिली की अप्पा तिनावर तोडतात. आमचं घर बांधताना मिस्त्री म्हणाला की जिन्याला बावीस पायऱ्या लागतील. अप्पांनी सतरात सौदा केला. गच्चीची उंची काही त्यामुळं कमी झाली नाही. आमच्याकडं पापड वाळत घालायला जाणं म्हणजे गड चढणं आहे. नवखा पाहुणा तिसऱ्या पायरीवर थांबून गुडघा धरतो, तेव्हा अप्पा खालून समाधानानं सांगतात, "पाच पायऱ्या वाचवल्या."

म्हणून मी आधी फोन केला. हरिओम नावाचा टाक्या बनवणारा नांदेडला आहे, शिल्पाच्याच ओळखीचा. त्याला म्हटलं, लातूरला या, माप घ्या आणि घरातले विचारतील तो प्रत्येक आकडा दुप्पट सांगा.

"वहिनी, पैशाचा तर मी तसाच सांगत असतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, पैशाचा नव्हे, फुटांचा.

मग त्यानं जपून विचारलं, "म्हणजे मासा पण दुप्पट?"

"मासा पण."

हरिओम आला तो टेप गळ्यात अडकवूनच. अप्पा दिवाणावर मांडी घालून बसले, मी चहा ठेवून दाराशी उभी राहिले, विरू माझ्या पदरात. शिवकुमार फोन कानाला लावून अंगणात गेले. घरात सौदा चालू झाला की त्यांना फोन येतो. अप्पांनी पेटीजवळ जाऊन माशाला पुढून-मागून बघितलं. हातात घेऊन चोळता येत नाही म्हणून जरा अडले, एवढंच.

"किती वाढतो म्हणालात?"

"सहा फूट," हरिओम म्हणाला.

"सहा न्हाई वाढत. चार बोला."

हरिओमनं माझ्याकडं बघितलं. मी विरूच्या केसांत काहीतरी शोधू लागले.

"काका, साडेपाच तर होतोच."

"माल माझ्यासमोर हाय की वो. ह्याची चण बघा. साडेतीन, शेवटचं."

"बरं. साडेतीन."

अप्पा लोडाला टेकले. चेहऱ्यावर समाधान. आता मासा साडेतीन फुटांवर एक बोटही वाढू शकत नव्हता, तसा शब्द झाला होता. मला हसू आवरेना म्हणून मी आत जाऊन पाणी पिऊन आले. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. आता टाकीचं निघेल, हरिओम सोळा म्हणेल, अप्पा आठावर आणतील, आणि माझा मासा वळेल.

हरिओम म्हणाला, सोळा फूट.

अप्पांनी तोंड उघडलं, आणि दारातून आवाज आला, "सोळा? गुरुबसप्पा, न्हाई व्हायचं तुमच्याच्यानं. सोडून द्या."

हे अण्णाराव. यार्डात अप्पांच्या शेजारचे आडते आणि गल्लीतही शेजारचे, भिंतीला भिंत. मूळचे शिरूर अनंतपाळचे. दोघं सकाळी एकाच मोटारसायकलवर यार्डात जातात, एका डब्यात जेवतात, आणि लिलावाला उभे राहिले की एकमेकांना ओळखत नाहीत. शेतकऱ्यांना हे बरोबर माहीत आहे. ज्याला चांगला भाव पाहिजे तो आपला ढीग या दोघांच्या मधोमध ओततो. एकटे असले की अप्पा आकडा खाली ओढतात. अण्णाराव शेजारी उभे असले की तोच आकडा वर पळतो, आणि दोघांनाही नंतर पश्चात्ताप होतो. हे सगळं मला लग्नापासून माहीत होतं. अण्णाराव रोज याच वेळी चहाला येतात, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकत्र करून बघायचं तेवढं राहून गेलं.

"कामून न्हाई व्हायचं?" अप्पा म्हणाले.

"जागा पायजे. आन् दिल पायजे."

"सोळा तर सोळा."

"माझा नातू असता तर मी सतरा बांधली असती," अण्णाराव बसता बसता म्हणाले.

"अठरा."

मी दाराला घट्ट धरलं. हरिओम माझ्याकडं बघत होता, पण आता माझ्याकडं बघून उपयोग नव्हता. अण्णारावांनी लांबी सोडली आणि रुंदीला हात घातला. चार म्हणाले. अप्पा पाच म्हणाले. हरिओमनं मध्ये पडून सांगायचा प्रयत्न केला की एवढी मोठी टाकी नुसत्या काचेची होत नाही, विटा-सिमेंटची बांधावी लागेल आणि बघायला मध्ये मध्ये काचेच्या खिडक्या ठेवाव्या लागतील. पाच खिडक्या. एवढ्यात अण्णाराव बशीत चहा ओतण्यात गुंतले होते, त्यामुळं अप्पा क्षणभर शुद्धीवर आले आणि सवयीनं म्हणाले, "तीन." खिडक्या तीन ठरल्या.

बशी खाली ठेवून अण्णारावांनी शेवटचा वार केला. "बांधाल वो. भरनार कशानं? ह्ये लातूर हाय."

हा मात्र वर्मी बसला. आमच्याकडं नळ कधी येतो ते नळालाच माहीत. अव्वा हौदात काठी घालून पाणी मोजतात आणि त्यावरून ठरवतात की आज कुणी केस धुवायचे. मी मनातल्या मनात गुणाकार केला, तीन फूट पाणी धरलं तरी साडेसात हजार लिटर. अप्पांनी नुसतं "पाण्याचं बघू" म्हटलं, आणि आवाजात दम नव्हता.

"बघू काय? माझ्या बोअरला बारा महिने पानी हाय. मी एकट्यानं भरून दाखवतो असली टाकी." अण्णारावांनी छातीवर हात ठेवला.

स्वयंपाकघरातून अव्वा बाहेर आल्या. हात पदराला पुसले. पुरुषांच्या बोलण्यात त्या सहसा पडत नाहीत, पण आडत्याच्या घरात आयुष्य गेलंय त्यांचं, बोली कुठं थांबवायची ते त्यांना कळतं.

"मग पाणी भावजींचं," त्या म्हणाल्या. "सुटला सौदा."

अण्णारावांनी छातीवरचा हात खाली घेतला. अप्पा पहिल्यांदा हसले.

अशी ती टाकी झाली. घराच्या बाजूच्या बोळात, जिथं गाडी लावायचो तिथं. गाडी रस्त्यावर गेली. शिवकुमारनी एकदा विचारून बघितलं की गाडीचं काय, पण अप्पा म्हणाले गाडीला वळायला रस्ता हाय. मी एकच हट्ट धरला, वरून लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. हरिओम म्हणाला मासा उडी मारत नाही. मी म्हटलं, माशासाठी नाही. किल्ली माझ्या मंगळसूत्रात गेली. तरी रात्री दोनदा उठून मी कुलूप ओढून बघायची. पाणी भिंतीवरून अण्णारावांच्या पाइपनं आलं. पाइप टाकीत सोडून ते भिंतीपलीकडं स्टुलावर उभे राहायचे आणि पाण्याची पातळी बघून सुस्कारा टाकायचे. दर आठवड्याला काढायचं मळकं पाणी कुणी घ्यायचं यावरूनही बोलाबोली झाली, शेवटी ते त्यांच्या नारळाला आणि आमच्या कढीपत्त्याला निम्मं निम्मं ठरलं.

मासा सोडायच्या संध्याकाळी सगळे जमलो. विरूला मधल्या खिडकीसमोर पाटावर बसवलं. अव्वांनी ताजं डाळीचं घुटं केलं होतं, वर तुपाची धार. शिवकुमारनी जाळी उघडून बादली आत उलटी केली. लाल शेपटीचा एक फटका दिसला आणि मासा गेला.

गेला म्हणजे गेलाच. अठरा फूट टाकी, तीन खिडक्या आणि मध्ये नुसती वीट. तो विटेमागं जाऊन बसला. रुसून नव्हे, हे मला टॉर्च लावून वरून बघितल्यावर कळलं, खुशीत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं अंग ताणलं होतं, एक गिरकी घेतली, परत एक घेतली, टाकलेले दाणे अंधारात चट्टामट्टा केले. पण खाली विरूला काय दिसणार? काचेत नुसतं हिरवट पाणी. तो बघत बसला. मी घास पुढं केला, त्यानं ओठ आत ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो पाटावरच झोपून गेला, गालात तोच सकाळचा घास. मी तो बोटानं काढला. मासा जेवत होता, लेकरू उपाशी होतं, आणि एवढी मोठी टाकी मी, कुणालाही न सांगता, दुप्पट आकडे पढवून स्वतःच्या हातानं ओढवून घेतली होती.

अप्पा सकाळी येऊन तिन्ही खिडक्यांतून वाकून बघून गेले. मग मला म्हणाले, "एवढा माल घेतला, नमुना दिसंना." त्यांनी उपायही काढला होता. पहिल्या खिडकीपाशी आडवी काच घालायची, मासा चार फुटांत कोंडायचा, म्हणजे कायम समोर. उरलेल्यात पाणी साठवू. अव्वांचे डोळे पाण्याच्या नावानं जरा चमकले, खोटं कशाला बोलू. हरिओमला फोन लावायला अप्पांनी मला सांगितलं. मी फोन हातात घेऊन उभी राहिले. चार फुटांत मासा पुन्हा रुसणार, अठरात तो दिसणार नाही. दोन्हीकडून माझी वाटी भरलेलीच राहणार.

तेवढ्यात विरू पाटावरून उठला. कुणी उठवलं नव्हतं. तो तिसऱ्या खिडकीशी गेला, नाक काचेला चिकटवलं आणि ओरडला, "मिशी!"

काचेच्या कडेला खरंच दोन मिशा हलत होत्या. मग डोकं आलं, तोंड उघडलं, विरूचं तोंड उघडलं. माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात वाटी. फोन मी कढीपत्त्याच्या कुंडीत टाकला आणि घास घातला. मासा सुळकन पहिल्या खिडकीकडं गेला, मागोमाग विरू, मागोमाग मी. तिथं एक घास. मग मध्ये कुठंतरी नाहीसा. विरू घास गिळतच परत फिरला, कारण तोंड भरलेलं असलं की ओरडता येत नाही, आणि ओरडणं तर भाग होतं. गालात धरून बसायला त्याला वेळच नव्हता. मी एका खिडकीशी, अव्वा दुसरीशी, अप्पा तिसरीशी. भिंतीपलीकडं अण्णाराव स्टुलावर चढून वरून सांगत होते, "आला, आला, गुरुबसप्पाकडं आला." अप्पा धोतराचा सोगा एका हातात धरून दुसऱ्या हातानं धपाट्याचा तुकडा पुढं करत होते, आणि विरू त्यांच्या हातून जेवला. जन्मात पहिल्यांदा.

हरिओमला फोन मी लावला नाही. अप्पांनीही पुन्हा विचारलं नाही.

खाताना पळू नये, घास अडकतो, हे मला माहीत आहे. मी वाचलंय. त्यामुळं आता माझा नियम आहे, खिडकीशी थांबायचं, चावायचं, गिळायचं, तोंड उघडून दाखवायचं आणि मग पळायचं. रोज संध्याकाळी अर्धा तास मी काचेसमोर लेकराच्या आणि माशाच्या उघड्या तोंडात आळीपाळीनं बघत असते. मासा आता दीड फूट झाला आहे आणि वळताना कशालाच लागत नाही.

हे गल्लीत कळायला वेळ लागला नाही. आधी अण्णारावांची सून तनुजा तिच्या पोरीला घेऊन आली, नुसतं मासा बघायला म्हणून, पण पदराखाली वाटी होती. पाणी आमचं आहे, असंही ती हसत हसत म्हणाली. मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांची सून आली. मग शाळेतल्या बाईंची जुळी. लातुरात न जेवणारी लेकरं एवढी असतील असं मला वाटलं नव्हतं. मी आपली एकटीच रडत बसायची. संध्याकाळी बोळात पाय ठेवायला जागा नसते. कुणाची खिचडी, कुणाचा उपमा, कुणाचं केळं कुस्करून. आया धावतात, वाट्या आपटतात. एखादं लेकरू घाईत दुसऱ्याच्याच आईकडून घास घेऊन पळतं आणि ते कुणी मोजत नाही. अव्वा खुर्ची टाकून मध्ये बसतात आणि पाळ्या लावतात. एका खिडकीशी दोन लेकरं, जास्त नाही. अप्पा सगळ्यांना सांगतात की टाकी अठरा फुटांची हाय, सतरा म्हणत होते लोक.

काल विरू गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आला. वाटी रिकामी होती. त्यानं ती माझ्या हातातून घेतली, उलटी करून बघितली आणि म्हणाला, "आई, आणखी."

तीन वर्षं मी या शब्दाची वाट बघत होते. पण मधल्या खिडकीशी जुळ्यांची पाळी होती, एका हातात मी तनुजाच्या पोरीचं डोकं काचेपासून मागं धरलं होतं, आणि धपाटी चुलीपाशी राहिली होती.

"थांब जरा," मी म्हटलं.